व्हीएम९५ई नंतर काय? शेवटच्या पाच मिनिटांत ‘स’ आणि ‘श’ फुटतात: पिन बदलू की कार्ट्रिज?

जवारी

नमस्कार मंडळी. टर्नटेबल ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्स, त्याच्याबरोबरच आलेलं व्हीएम९५ई कार्ट्रिज (पिन धरणारा आणि खाचेतला आवाज उचलणारा भाग). पिनेचा दाब २ ग्रॅम, अँटी-स्केटही (आर्मची आतली ओढ सावरणारी सोय) २ वर. आतला प्रीअँप (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) बंद आहे, बाहेरचा लावला आहे. त्याच्या माहितीपत्रकात इनपुट कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) २२० पिकोफॅरड दिला आहे आणि तो बदलायची सोय नाही.

रेकॉर्ड बहुतेक जुन्या एचएमव्हीच्या, सेकंडहँड घेतलेल्या: ख्याल, नाट्यसंगीत, भावगीतं. थोड्या ७८ च्याही (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या रेकॉर्ड) आहेत, पण त्या अजून लावलेल्या नाहीत. बाजूच्या सुरुवातीला आवाज छान मोकळा असतो. लेबल जवळ आलं की गायकाचे ‘स’, ‘श’ आणि ‘च’ थुंकल्यासारखे येतात आणि तंबोऱ्याची जवारी चिरकते. नव्या रेकॉर्डवरही हे होतं, पण कमी.

तीन पर्याय डोक्यात आहेत: ऑर्टोफोन २एम रेड, नागाओका एमपी-११०, किंवा आहे त्याच कार्ट्रिजला व्हीएम९५एमएल ची पिन. झिजलेल्या रेकॉर्डला साधी गोल टोकाची पिनच बरी, असंही ऐकलं आहे. आवाजात नेमका फरक कशाने पडतो?

---

आतली_खाच

आधी खाचेचं गणित मांडू, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल.

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एलपीच्या बाहेरच्या टोकाशी, केंद्रापासून साधारण १४६ मिमीवर, पिनेखालून सेकंदाला ५१० मिमी खाच सरकते. लेबलजवळ, ६० मिमीवर, तीच २१० मिमी होते. त्यामुळे १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते आणि आत जेमतेम २१. ‘स’ मधली बरीचशी ताकद ५ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. तेवढ्याच लाटा आत अडीचपट कमी जागेत कोंबलेल्या असतात.

आता पिनेचं टोक. कोनिकल म्हणजे गोल टोकाची त्रिज्या ०.६ मिल, म्हणजे १५ मायक्रॉन. २१ मायक्रॉनच्या लाटेच्या वळणात ते नीट शिरतच नाही, वरवर घसरत जातं, आणि जे वाचता येत नाही ते फुटलेल्या आवाजाच्या रूपात बाहेर पडतं. तुमच्या व्हीएम९५ई ची पिन इलिप्टिकल आहे, ०.३ × ०.७ मिल. वाचणाऱ्या कडेची त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास. शिबाटा पिनेची, म्हणजे व्हीएम९५एसएच ची, साडेसहा. मायक्रोलिनिअर म्हणजे व्हीएम९५एमएल ची फक्त ३. शेवटच्या पाच मिनिटांत जो फरक ऐकू येतो तो मुख्यतः या आकड्याचा असतो. कार्ट्रिजवर कोणाचं नाव आहे याचा त्यात फार थोडा वाटा.

म्हणून २एम रेड घेऊन तुमची मूळ तक्रार जाणार नाही. तिची पिनही इलिप्टिकलच, ८/१८ मायक्रॉनची, आणि तीही बाँडेड: हिऱ्याचा छोटा तुकडा धातूच्या खुंटीवर चिकटवलेला. आवाजाची चव बदलेल, आतल्या खाचेतली फूट जवळपास तशीच राहील. व्हीएम९५ईएन मध्ये हिरा अखंड आहे, त्यामुळे टोक हलकं होतं आणि वरचे स्वर थोडे स्वच्छ येतात, पण मापं ई चीच. तेवढ्यासाठी खर्च करायचा तर मी ईएन सोडून सरळ एमएल सुचवेन.

व्हीएम९५ मालिकेची बॉडी सगळ्यांना एकच आहे. हेडशेलचे (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाचे) स्क्रू न सोडता हिरव्या पिनेचं घर पुढे आणि तिरकं खाली ओढून काढायचं, तिथे एमएल चं लाल घर बसवायचं. ते ‘टक’ करून बसलं पाहिजे. अर्धवट बसलं तर एका बाजूचा आवाज दबतो. दाब तोच, २ ग्रॅम. एमएल ची नुसती पिनसुद्धा अख्ख्या व्हीएम९५ई च्या दुपटीहून महाग पडते, पण आयुष्य बघा: ऑडिओ-टेक्निकाचे स्वतःचे आकडे इलिप्टिकलला ३०० तास, कोनिकलला ५००, शिबाटाला ८०० आणि मायक्रोलिनिअरला १००० आहेत. ४० मिनिटांची एलपी धरली तर ३०० तासांत ४५० एलपी होतात आणि १००० तासांत १५००. तासाच्या हिशेबाने एमएल महाग नाही.

---

समांतर

आतली_खाच यांच्याशी सहमत, पण एमएल मागवण्याआधी अलाइनमेंट, म्हणजे पिन खाचेच्या दिशेशी जुळते का, ते तपासा. एमएल ची कड इतकी बारीक आहे की ती तिरकी बसली तर वाकड्या लावलेल्या इलिप्टिकलपेक्षाही वाईट वाजू शकते. एलपी१२०एक्स ला कार्ट्रिज आधीच लावलेलं येतं, म्हणून लोक तिकडे बघतही नाहीत.

प्रोट्रॅक्टरचा, म्हणजे ही जुळणी तपासायचा, कागद छापताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर छपाई तीन-चार टक्के लहान होते. छापल्यावर त्यावरची १०० मिमीची रेघ पट्टीने मोजा. ती ९७ भरली तर कागद फेकून द्या. मग पिन शून्यबिंदूवर (जिथे ती खाचेच्या दिशेशी अचूक जुळायला हवी त्या जागी) टेकवायची आणि समोरून बघायचं. कार्ट्रिजच्या बॉडीकडे पाहू नका. पिन जिच्या टोकाला असते ती बारीक अॅल्युमिनियमची दांडी, म्हणजे कँटिलिव्हर, कागदावरच्या रेघांना समांतर हवी. स्वस्त कार्ट्रिजांत बॉडी सरळ आणि दांडी एखादा अंश वाकडी हा प्रकार नेहमीचा. दोन्ही शून्यबिंदूंवर जुळेपर्यंत कार्ट्रिज पुढेमागे सरकवायचं आणि थोडं फिरवायचं. स्क्रू आवळताना ते हमखास पुन्हा फिरतं, म्हणून दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा आणि शेवटी परत तपासा.

कोणता प्रोट्रॅक्टर? दोन पद्धती आहेत: बेअरवाल्डचे शून्यबिंदू केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर येतात, स्टीव्हन्सनचे ६०.३ आणि ११७.४ वर. सर्वसाधारण संग्रहाला बेअरवाल्ड चांगला. पण ख्यालाच्या एलपीवर विलंबित बाहेरच्या, ऐसपैस खाचांत असतं, आणि द्रुत, ताना, तबल्याची लय वाढणं हे सगळं लेबलाजवळ, म्हणजे खाच सगळ्यात अडचणीची असते तिथेच येतं. त्यात वीस मिनिटांहून लांब बाजू असली तर खाच आणखी आत जाते. अशा संग्रहाला स्टीव्हन्सन लावून बघाच. मधल्या भागात चूक किंचित वाढते, पण शेवट सुधारतो.

दाब डायलवर विसंबून ठेवू नका. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या आणि मोजताना पिन रेकॉर्डच्याच उंचीवर असू द्या. काटा जाड असेल तर मॅट काढा. व्हीएम९५ ची मर्यादा १.८ ते २.२ आहे. रेकॉर्ड जपायची म्हणून दीड ग्रॅमवर ठेवणारे उलट रेकॉर्ड खराब करतात: हलकी पिन मोठ्या ‘स’ वर खाचेच्या भिंतीवरून उडते आणि परत आपटते. तुमच्या तक्रारीला मी आधी २.१ करून बघेन.

उंची आणि कलही बघा. आर्म बाजूने पाहिला तर रेकॉर्डशी समांतर, आणि समोरून पाहिलं तर कार्ट्रिज सरळ उभं. छोटा आरसा प्लॅटरवर ठेवून त्यावर पिन अलगद टेकवा. पिन आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत हवं. मध्ये कोन दिसला तर हेडशेल थोडं फिरवून घ्या.

---

४७_किलोओहम

वरच्या दोघांनी न घेतलेला एक मुद्दा म्हणजे तो २२० पिकोफॅरड. तुमची अर्धी तक्रार तिथे असू शकते.

मूव्हिंग मॅग्नेट (पिनेबरोबर चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजची कॉइल आणि तिला दिसणारा कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेला आवाज उंचावतो. व्हीएम९५ ची कॉइल ५५० मिलिहेन्री आहे आणि ऑडिओ-टेक्निका तिला १०० ते २०० पिकोफॅरड सुचवते. तो आकडा एकूण आहे: आर्ममधल्या तारा, केबल आणि प्रीअँप सगळं धरून. तुमच्याकडे प्रीअँपचेच २२०, त्यात मीटरभर केबलचे १०० च्या आसपास आणि आर्मच्या तारांचे थोडे, म्हणजे ३५० च्या घरात. तिथे अनुनाद ११.५ किलोहर्ट्झला येतो. १५० ठेवला तर तोच १७.५ किलोहर्ट्झला जातो. ११.५ ला येणारा उंचवटा बरोबर ‘स’ च्या वरच्या कडेवर बसतो आणि त्याच्या पुढे आवाज झपकन खाली येतो. म्हणून सेटअप एकाच वेळी टोचरा आणि बंद वाटतो. ही तक्रार पिनेच्या नावावर जाते, पण तो उंचवटा प्रीअँपमुळे असतो.

उपाय: अर्ध्या-पाऊण मीटरची कमी कपॅसिटन्सची केबल लावा. एलपी१२०एक्स ची केबल सुटी आहे, बदलता येते. दुसरा, १०० किंवा त्याहून कमी निवडता येईल असा प्रीअँप. सोल्डरिंग येत असेल तर प्रीअँपच्या इनपुट सॉकेटला समांतर लावलेला २२० चा छोटा कपॅसिटर दोन्ही चॅनलमधून काढता येतो. एकाच बाजूचा काढला तर दोन्ही स्पीकरचा आवाज वेगळा येईल.

आता कार्ट्रिजांची तुलना, तुमच्या संगीताच्या हिशेबाने.

व्हीएम९५ई: तपशील भरपूर, वरची बाजू किंचित पुढे. सतार, संतूर, झांज सुटी ऐकू येते. गायकाचा आवाज थोडा पातळ वाटू शकतो.

२एम रेड: उत्साही, खालचा आवाज भरीव, तबल्याचा बायाँ चांगला बसतो. वरच्या बाजूला थोडा कडक. कॉइल ७०० मिलिहेन्रीची, सुचवलेला कपॅसिटन्स १५० ते ३००. तुमच्या ३५० वर अनुनाद १० किलोहर्ट्झच्या जवळ येतो, म्हणजे ‘स’ ची तक्रार वाढण्याचीच शक्यता. पुढे २एम ब्लू ची पिन याच बॉडीत बसते, एवढी सोय मात्र आहे.

नागाओका एमपी-११०: हार्मोनिअम आणि पुरुषी गळा यांच्यासाठी या तिघांत मला हेच सगळ्यात भावतं. मधली पट्टी भरलेली, वरची शांत. पिन ०.४ × ०.७ मिल, म्हणजे कड ई पेक्षाही जाड, तरी ‘स’ कमी टोचतो, कारण कार्ट्रिज तिथे मुळातच सौम्य आहे. पण शेवटच्या खाचेतला तपशील एमएल इतका निघत नाही. कपॅसिटन्स यालाही कमीच, १०० च्या आसपास हवा.

ग्राडो प्रेस्टीज ब्लॅक: कॉइल फक्त ४५ मिलिहेन्री, त्यामुळे तुमच्या ३५० पिकोफॅरडला हे कार्ट्रिज भीक घालत नाही, अनुनाद ४० किलोहर्ट्झवर जातो. आवाज मऊ. मात्र त्याला आवरण कमी असल्याने काही बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबलांवर आर्म आत आला की मोटरची घूं उचलतं.

घरी तुलना करताना आवाजाची पातळी आधी जुळवा. रेड चं आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट, एमएल चं ३.५. हा जवळपास ४ डेसिबलचा फरक आहे, आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. एकच तुकडा, शक्यतो शेवटच्या दोन मिनिटांतला, दोन्हींवर संगणकात रेकॉर्ड करा, पातळी सारखी करा आणि मग ऐका. तंबोरा ही यासाठी उत्तम परीक्षा: सलग वाजणारा स्वर आणि त्यावर ओळीने उमलणारे वरचे स्वर. चांगल्या पिनेवर ते एकेक सुटे लागतात. कोनिकलवर त्यांची एकत्र झणझण होते, आणि मापात न बसलेल्या पिनेवर त्यात फरफर मिसळते.

---

झीज_तज्ज्ञ

एमएल बद्दल थोडी सावध बाजू मांडतो, कारण प्रश्नातल्या बहुतेक रेकॉर्ड सेकंडहँड आहेत.

आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्ड घरोघरी सिरॅमिक कार्ट्रिजच्या पोर्टेबल प्लेअरवर वाजल्या. दाब आजच्या दुप्पट-तिप्पट, पिन नीलमाची, आणि ती झिजली तरी वर्षानुवर्षं तीच. गोल टोक भिंतीच्या मधल्या पट्ट्यात टेकतं, म्हणून झीजही तिथेच. ०.३ × ०.७ ची इलिप्टिकल जवळपास त्याच उंचीवर टेकते, त्यामुळे ती झीज जशीच्या तशी वाचते. एमएल आणि शिबाटा भिंतीला उभ्या, लांब रेषेत स्पर्श करतात. खालचा न झिजलेला भाग त्यांना सापडला तर रेकॉर्ड चक्क नवी होऊन वाजते. पण झिजलेल्या पिनेच्या धारेने भिंत खरवडलेली असेल तर एमएल ते खरवडणंही इमानाने ऐकवते. तिथे व्हीएम९५सी ची ०.६ मिलची कोनिकल खरोखर सुखाची. ती थोडी खाली बसते आणि वरचे स्वर मुळात कमी वाचते. पिन स्वस्त आहे, बॉडी तीच आहे; दोन्ही पिना ठेवणं हा माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात शहाणा खर्च.

झीज आहे की सेटिंग चुकलं आहे, हे ओळखायला हेडफोन लावून कुठली बाजू फुटते ते बघा. आर्मची ओढ आतल्या बाजूला असते. अँटी-स्केट नसलेल्या प्लेअरवर आतली भिंत, म्हणजे डावा चॅनल, जास्त दाबला जातो आणि जास्त झिजतो. फक्त जुन्या रेकॉर्डवर आणि मुख्यतः डावीकडे फुटत असेल तर झीज धरा. नव्या रेकॉर्डवरही आणि उजवीकडे फुटत असेल तर अँटी-स्केट कमी पडतोय. दोन्हीकडे सारखं असेल तर अलाइनमेंट, दाब किंवा पिनेचं टोक. तुमचं नव्या रेकॉर्डवरही थोडं होतंय, म्हणजे झीज हे एकमेव कारण नाही.

साठच्या दशकातल्या बऱ्याच एलपी मोनो आहेत. त्या लावताना अँप्लिफायरचं मोनो बटण दाबा. मोनो खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. धूळ आणि झिजेची बरीचशी खरखर उभ्या हालचालीत. मोनो केलं की उभं सगळं एकमेकांत विरून जातं. फुकट मिळणारी ही सुधारणा कार्ट्रिज बदलण्यापेक्षा मोठी असू शकते.

आणि आधी धुवा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या रेकॉर्डवर बुरशीचे पांढरे ठिपके असतात. एमएल खाचेत खोल जाते, म्हणून मळ तिलाच जास्त लागतो. व्हिनाइलला डिस्टिल्ड पाणी आणि त्यात दहा-पंधरा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला नको, क्षार खाचेत वाळतात. पिन मागून पुढे अशीच ब्रश करा. उलट किंवा आडवा ब्रश म्हणजे वाकलेली दांडी.

---

जवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. हेडफोनवर बघितलं: जुन्या रेकॉर्डवर फूट दोन्हीकडे आहे, डावीकडे जास्त. प्रोट्रॅक्टरवर आतल्या शून्यबिंदूला दांडी स्पष्ट तिरकी दिसते. आधी ते सरळ करतो, छोटी केबल लावतो, आणि मग एमएल आणि सी अशा दोन पिना घेतो. ७८ साठी याच बॉडीत काही बसतं का, की वेगळं कार्ट्रिज लागेल?

---

समांतर

दांडी तिरकी सापडली हे उत्तम. ती सरळ झाल्यावर लगेच एमएल मागवू नका. त्याच ई वर चार-पाच एलपीचे शेवट ऐका, म्हणजे कशाने किती सुधारलं ते कळेल. स्क्रूला हात लावताना पिनेचं घर काढून बाजूला ठेवा. मागच्या तारा निसटल्या तर लाल उजवा प्लस, हिरवी उजवा मायनस, पांढरी डावा प्लस, निळी डावा मायनस. तारेची क्लिप चिमट्याने धरा. तार ओढली तर टाका तुटतो.

---

लाख_आणि_काजळी

७८ साठी त्याच बॉडीत व्हीएम९५एसपी ची पिन बसते. ३ मिलची कोनिकल, म्हणजे तुमच्या सी च्या पाचपट जाड. एलपीची पिन ७८ वर चुकूनही नको. त्या खाचा इतक्या रुंद असतात की ०.७ मिलची पिन भिंतींना न टेकता तळातल्या कचऱ्यातून लोळत जाते. आवाज बारीक आणि खरखरीत येतो, आणि लाखेत मिसळलेली दगडाची पूड हिऱ्याला घासते.

एसपी ला दाब ५ ग्रॅम लागतो, मर्यादा ४.५ ते ५.५. काउंटरवेटच्या (आर्ममागच्या वजनाच्या) डायलवर तेवढे आकडे नसतील तर डायल विसरा आणि काट्यावर मोजून बसवा. परत एलपी लावताना पिन बदलण्याच्या आधी वजन २ ग्रॅमवर आणा. उलट क्रमाने केलं आणि एमएल ५ ग्रॅमवर खाली टेकली तर तिचं सस्पेन्शन (दांडीला झुलतं धरणारं रबर) बसू शकतं. अँपवर मोनो इथेही चालूच ठेवा.

आवाज दबका येईल, त्यात पिनेचा दोष नाही. प्रीअँप रिआ वक्राप्रमाणे (एलपी कापताना केलेला स्वरांचा चढउतार परत सरळ करायच्या ठरलेल्या मापाप्रमाणे) १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापतो. तो वक्र १९५४ चा, आणि त्याआधीच्या ७८ त्या हिशेबाने कापलेल्याच नाहीत. ट्रेबल बऱ्यापैकी वर आणि बास थोडा खाली केला की गळा पुढे येतो. संगणकावर घेणार असाल तर हे इक्वलायझरने नीट करता येईल.

धुताना मात्र अल्कोहोल अजिबात नाही, एक थेंबही नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. लगेच मऊ कापडाने टिपा आणि उभी करून वाळवा.